मीटरवरचा आकडा आणि पत्र्यामागची गाडी

(दृश्य : सकाळचा जालना रोड, शेंद्र्याकडे निघालेले कंटेनर)

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं, की चिकलठाणा मागे पडल्यावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. २००१ मध्ये स्कोडाने इथे ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. सुटे भाग चेक प्रजासत्ताकातून पेट्यांमधून यायचे आणि गाडी इथल्या कामगारांच्या हातून उभी राहायची. पुढे ऑडीही इथे आली. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. मराठवाडा म्हटलं की बातमी टँकरची असते. पण इथे गाडीवर जीव लावणारी माणसंही आहेत, आणि त्यांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

त्यांच्या बोलण्यात ऑक्टाव्हिया आरएसचं, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या जास्त ताकदीच्या वेगवान आवृत्तीचं, नाव हटकून निघतं. पहिली आरएस भारतात आली ती १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे पाच गिअर घेऊन. २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आली, शोरूमची किंमत २४ लाख ६२ हजार. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या फक्त २०० गाड्या आल्या, ३५ लाख ९९ हजारांना. २०२५ मध्ये तर जेमतेम १०० आल्या, ४९ लाख ९९ हजारांना. एवढ्या मोठ्या देशात एवढ्याच गाड्या, म्हणून जुनी चांगली आरएस विकायला निघाली की फोन सुरू होतात. आणि फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रनिंग किती?

(दृश्य : डॅशबोर्ड, मीटरवर फिरणारे आकडे)

प्रश्न चुकीचा नाही. जगातल्या सर्वात महागड्या बाजारातही तो विचारतात. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या लिलावात १९९५ ची एक मॅक्लारेन एफ-१ ही ब्रिटिश सुपरकार विकली गेली. २६ वर्षांत ती ४०० किलोमीटरही चालली नव्हती. संभाजीनगरहून मुंबईला जाऊन परत यायचं म्हटलं, तरी याहून जास्त किलोमीटर होतात. तिला मिळाले २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर.

पण त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ मध्ये, दुसरी एक मॅक्लारेन एफ-१ विकली गेली होती. ती २१ हजार किलोमीटरांहून जास्त चाललेली, तरी किंमत १ कोटी ९८ लाख डॉलर. कारण ती कंपनीनेच फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीच्या गाडीच्या धर्तीवर बदलून दिलेली होती. २०१८ मध्ये फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. ती शर्यतीत पळलेली, घासलेली गाडी. तिच्या किलोमीटरची चौकशी कोण करणार? तिथे तिचा इतिहासच विकला जात होता.

म्हणजे किलोमीटरचा आकडा दोन टोकांना फार बोलतो. गाडी जवळजवळ कोरी असेल तर तो सोन्याचा, आणि दीड-दोन लाखांच्या पुढे गेला असेल तर घेणारा बिचकतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात, जिथे आपल्याकडच्या बहुतेक गाड्या आहेत, तो एकटा फारसं काही सांगत नाही. सगळी बिलं जपलेली ८० हजार किलोमीटरची आरएस मी घेईन. एकही कागद नसलेली ३० हजारांची घेणार नाही.

(दृश्य : समृद्धी महामार्ग, जालन्याजवळ)

शिवाय किलोमीटर कुठले, हेही पाहावं लागतं. समृद्धीवर पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये एका लयीत गेलेले १०० किलोमीटर इंजिनला सोपे जातात. त्याच १०० किलोमीटरांत शहरातले सिग्नल आणि बाहेरचे खड्डे आले की क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि स्टिअरिंग रॅक झिजतात. मीटर मात्र दोन्ही सारखेच मोजतं.

आता उभ्या गाडीकडे येऊ. आपल्या भागात सर्वात जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते आकड्यात कधीच दिसत नाही.

(दृश्य : पत्र्याचं शेड, धूळ बसलेलं कव्हर)

मराठवाड्याची हवा कोरडी. त्याचा मोठा फायदा असा, की गाडीला गंज कमी लागतो. समुद्राकाठी वाढलेली गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहा आणि बीडची किंवा लातूरची तशीच पाहा, सायलेन्सर आणि सबफ्रेमवरचा फरक टॉर्चशिवायही कळतो. पण तोच कोरडेपणा, वर एप्रिल-मेचं चाळिशीपलीकडचं ऊन, हे रबर आणि प्लॅस्टिकचं आयुष्य खाऊन टाकतं. दाराची रबरं कडक होतात, डॅशबोर्डला भेगा जातात, हेडलाइट पिवळे पडतात, छताच्या रंगावरचा पारदर्शक थर उडतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाचा चटका नसला, तरी भट्टीसारखी धग असतेच. चार-चार वर्षं कव्हरखाली ठेवलेल्या गाडीत टाकीतलं पेट्रोल खराब होतं, इंधन पंप चिकटतो, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, कॅलिपर जाम होतात, एसीच्या कॉम्प्रेसरचं सील सुकून गॅस निघून जातो. आणि उंदीर! शेजारी ज्वारीची कोठी असेल तर वायरिंगची पूर्ण लूम, म्हणजे वायरांचा जुडगा, कुरतडलेली निघते. आरएससारख्या गाडीत ती बदलणं म्हणजे मोठा खर्च.

टायर पाहताना फक्त नक्षी पाहू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी पूर्ण असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं, आणि उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर असा टायर जिवावर बेततो.

टायमिंग बेल्टचंही तसंच. पहिल्या आरएसच्या १.८ टर्बोमध्ये बेल्ट आहे. तो किलोमीटरने झिजतो आणि वर्षांनीही. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनचं हेड उघडावं लागतं. २३० अश्वशक्तीच्या गाडीत चेन आहे, पण तिथे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून कूलंट गळण्याची खोड आहे. तिच्या डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सचं ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर त्या खर्चाएवढे पैसे किमतीतून कमी धरावेत. हे हक्काने बोलावं.

(दृश्य : गॅरेज, बॉनेट उघडताना)

जाणता मिस्त्री गाडी पाहायला गेला की आधी बॉनेटला हात लावून पाहतो. इंजिन गरम असेल, तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा निघतो, खडखड किती वेळ राहते, हे त्याला ऐकायचं असतं. मग तो बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहतो. त्यांच्यावरचा रंग फुटलेला असेल तर पत्रा कधीतरी उघडलेला आहे. काचांच्या कोपऱ्यात छापलेल्या कंपनीच्या खुणा एकमेकींशी जुळतात का, तेही पाहतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, खाली पुट्टी भरलेली असली की आकडा कितीतरी वर उडी घेतो. दरवाजावर ओरखडे असलेला मूळ रंग हा चकचकीत नव्या रंगापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. ओरखडा दिसतो तरी. नव्या रंगाखाली काय आहे, ते विचारावंच लागतं.

मीटर मागे घेण्याचा धंदा चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण स्टिअरिंगचं गुळगुळीत झालेलं चामडं, घासलेलं पेडल आणि ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड मागे घेता येत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरवर जुन्या नोंदी मिळतात, त्यातले किलोमीटर वर्षागणिक वाढत गेले पाहिजेत. एका ठिकाणी जरी उतरले, तरी तिथेच थांबावं.

रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेल्या, गाड्या आपल्याकडे खूप आहेत. ताकद वाढते, मजाही येते. पण संग्रहासाठी घेणारा मूळ गाडी शोधत असतो, म्हणून काढलेला एअरबॉक्स, सायलेन्सर, चाकं भंगारात देऊ नयेत. माळ्यावर ठेवावीत. पुढे गाडीबरोबर तीही विकली जातात.

(दृश्य : आरसी, विम्याचे कागद, बिलांची फाइल)

शेवटचा मुद्दा कागदांचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये आहे, आणि पहिल्या आरएस आता त्याच वयात आल्या आहेत. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती ५० वर्षं झालेल्या गाडीला, तोवर हाच रस्ता. गाडी परराज्यातली असेल तर मूळ आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि एमएच-२० ची असो की एमएच-२६ ची, आरसीची मुदत संपत आली असेल तर आधी मालकाला पासिंग करून घ्यायला सांगावं, मगच भावाचं बोलावं.