पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका

नमस्कार श्रोतेहो. काळी, तांबडी, करडी, चितकबरी, अशी रंगावरूनच आपण परसातली कोंबडी ओळखतो. आज बोलायचंय पट्टेदार रंगावर, म्हणजे त्याच्या मदतीनं पहिल्याच दिवशी नर पिल्लू कुठलं, मादी कुठलं, हे कसं ओळखायचं त्यावर. पंखाचं एक पीस उजेडात धरून बघा. काळ्या पिसावर ओळीनं आडवे फिके पट्टे दिसले, तर ती पट्टेदार. नुसत्या टोकाला पांढरं असेल, तर ती ठिपकेदार. तिचा इथं उपयोग नाही.

पहिलं महायुद्ध चालू होतं, तेव्हाची गोष्ट. इंग्लंडात धान्याची टंचाई झाली. अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या, तर निम्मी पिल्लं नर निघायची आणि ओळखू येईपर्यंत कित्येक आठवडे दाणा खायची. मूळद्वार तपासून नर-मादी सांगायची जपानी पद्धत तेव्हा तिकडं पोचलेली नव्हती. केंब्रिजचे प्राध्यापक रेजिनाल्ड पनेट म्हणाले, रंगालाच विचारा! नर आणि मादी असे जोडा, की पिल्लू अंड्यातून निघताच रंग बोलेल. पनेट तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढं मायकल पीज यांच्यासोबत त्यांनी पट्टेदार प्लायमाउथ रॉक आणि सोनेरी कॅम्पाइन या कोंबड्यांच्या जातींच्या संकरातून 'केंबार' ही जातच तयार केली. तिच्यात दर पिढीला नर पिल्लू फिकं आणि मादी पिल्लू गडद निघतं.

आता आपल्या परसातल्या जोडीत रंग बोलतो तो कशानं? आईबापांकडून पिल्लाला गुण पोचवणारे धागे म्हणजे गुणसूत्रं. पट्ट्याचा गुण, म्हणजे त्याचं जनुक, 'झेड' नावाच्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे झेड दोन, कोंबडीकडे एकच, आणि ते ती फक्त मुलाला देते. ध्यानात ठेवा : आईचा पट्टा मुलाला, मुलीला नाही. आणि काळ्या पिल्लात हा पट्टा आधी डोक्यावरच्या ठिपक्यातून दिसतो.

म्हणून कोंबडी पट्टेदार, कोंबडा बिनपट्ट्याचा, तांबडा किंवा काळा. ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या जातीचा उत्तम. पांढरा लेगहॉर्न जातीचा कोंबडा नकोच, त्याचा पांढरा रंग बाकी सगळं झाकून टाकतो. पिल्लं काळी निघतील. डोक्यावर पांढरट ठिपका तो नर, डोकं निखळ काळं ती मादी. पहिल्याच दिवशी बघून घ्या. आणि कोंबडीही मुळात काळ्या रंगावर पट्ट्याची हवी. तांबूस गावठी पट्टेदार असेल, तर ठिपका नीट उठत नाही.

   

आता चूक कुठं होते? एक, जोडी उलटी लावतात. शुद्ध पट्टेदार कोंबडा आणि काळी कोंबडी जोडली, की सगळीच पिल्लं पट्टेदार. दोन, आधीच्या कोंबड्याचं वीर्य कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून तिला तीन आठवडे वेगळं ठेवा, मग नवा कोंबडा सोडा, आणि त्यानंतर आठवड्यानं रवणासाठी, म्हणजे उबवायला, अंडी जमवायला लागा. तीन, या पिल्लांचीच आपसात जोडी लावतात. मग ठिपका नरालाही येतो, मादीलाही येतो. दर वेळी शुद्ध पट्टेदार कोंबडी आणि बिनपट्ट्याचा कोंबडाच घ्या.