बांधापलीकडचं पाणी

श्रोतेहो, सलाम.

योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आपल्या घराघरांत वाचला जातो. तिबिर्याच्या समुद्राचा काठ, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" असं प्रभू येशूनं आपला शिष्य पेत्र याला तीनदा विचारलं, आपली मेंढरं त्याच्या हाती सोपवली, त्याला कसलं मरण येणार तेही सुचवलं. मग म्हणाला, माझ्यामागे ये. एवढं सगळं ऐकल्यावर पेत्रानं काय केलं? मागे वळून पाहिलं. ज्याच्यावर येशूची प्रीती होती तो शिष्य मागून येत होता. पेत्रानं लगेच विचारलं, प्रभू, याचं काय?

प्रभू म्हणाला, "मी येईपर्यंत त्याने राहावे अशी माझी इच्छा असली तर त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये."

आज मत्सराविषयी बोलायचं आहे, तेव्हा एवढंच कानात ठेवा. त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.

मत्सर कधी लांबच्याचा होत नाही. मुंबईतल्या कुण्या कोट्यधीशाचा बंगला पाहून आपली झोप उडत नाही. बांधाला बांध लागून असलेल्याचं बरं झालं, मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, एका सतरंजीवर बसणाऱ्याच्या पोराला नोकरी लागली, की उडते. दावीद शौल राजाला परका नव्हता. त्याच्याच घरात वीणा वाजवणारा पोरगा होता तो. बायकांनी गाण्यात शौलाला हजारो शत्रू मारल्याचं श्रेय दिलं आणि दाविदाला दहा हजारांचं, त्या दिवसापासून राजा त्याला पाण्यात पाहू लागला.

पण मला खरी काळजी वाटते ती निष्ठेनं चालणाऱ्या माणसाच्या मत्सराची. जो एक रविवार चुकवत नाही, दशांश, म्हणजे कमाईचा देवासाठीचा दहावा हिस्सा, बाजूला काढल्याशिवाय घरात पैसा मोडत नाही, त्याच्या मनात हळूच हिशेब सुरू होतो. येशूनं सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, पहाटे कामावर आलेल्यांचा रोज कुणी कापला नव्हता. ठरला तेवढा दिनार त्यांना मिळाला. दिवस मावळताना आलेल्यालाही तेवढाच मिळाला, हे त्यांना सलत होतं. आपल्याकडेही हेच चालतं. मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासूनची घराणी आपल्यात आहेत. त्यांचा मला अभिमान आहे. पण "आम्ही बेथेलच्या काळापासूनचे" असं म्हणत काल बाप्तिस्मा घेतलेल्याला मागच्या रांगेत बसवायचं, हे पहाटेच्या मजुरांचंच बोलणं झालं.

आता मी तुम्हाला तात्यांची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. गोष्ट सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

तात्या जालना जिल्ह्यातले, मोसंबीचे शेतकरी, मंडळीचे जुने पंच. आवाज खणखणीत, म्हणून हंगामाच्या सणाला मंडळीत देवाला वाहिलेल्या जिनसांचा लिलाव पुकारायचं काम त्यांचंच. शेताला लागून चुलतभावाचं शेत. हा धाकटा नाताळाला आणि लग्नाला तेवढा मंडळीत दिसायचा. 2012 चा पावसाळा कोरडा गेला. दोघांनीही बोअर घेतली. तात्यांच्या बोअरमधून नुसता फुफाटा निघाला. धाकट्याला पाणी लागलं, चांगलं भरपूर. (जाता जाता सांगतो, खोलात खोल बोअर मारायची ही चढाओढ आपल्या मराठवाड्याला खाणार आहे. पडलेला पाऊस शेतात जिरवला नाही, तर खाली पाणी येणार कुठून?)

त्या वर्षी सणाला धाकट्यानं मोसंबीची टोपली वेदीपुढे आणून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. तात्या लिलावाला उभे राहिले. कुणाचा कोंबडा, कुणाचा भोपळा, कुणाची ज्वारी, सगळं रंगवून रंगवून पुकारलं. मोसंबीची टोपली हातात आली आणि आवाज बसला. पहिली बोली झाली मात्र, "एकवार, दोनवार, तीनवार" असं एका दमात म्हणून मोकळे झाले. टोपली मातीमोल गेली. सगळ्या मंडळीला कळलं. धाकटा काही बोलला नाही. एक म्हातारी आजी तेवढी म्हणाली, "तात्या, देवाला आणलेलं व्हतं ते."

पुढचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. 2013 चा. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कुणी टँकरनं पाणी घालून झाडं जगवली, कुणी कुऱ्हाड लावली. तात्यांनी टँकर घातले, पैसा संपला. तेव्हा धाकटा बांधावर आला. म्हणाला, "तात्या, पाइप टाकू का? रात्रीची लाइट आली की दोन तास तुमच्याकडं सोडतो."

तात्या म्हणाले, नको.

श्रोतेहो, इथं थांबा. झाडं लेकरासारखी वाढवलेली, पानं गळायला लागलेली, पाणी बांधापलीकडे, आणि माणूस म्हणतो नको. मत्सराला आपली बाग वाळलेली चालते, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. तात्या मला म्हणाले, "पाळकसाहेब, मी देवावर रुसलो होतो. इतकी वर्षं सेवा मी केली आणि पाणी त्याला दिलं. ते पाणी मी घेतलं असतं, तर देवाचं बरोबर होतं असं मान्य करावं लागलं असतं."

पाणी न घेता बरेच दिवस गेले. रात्री लाइट यायची, धाकट्याची मोटार सुरू व्हायची, आणि तात्या बाजेवर उठून बसायचे. अशाच एका रात्री घरच्या माणसांनी त्यांना ऐकवलं, "उठून बसताच आहात, तर प्रार्थना तरी करा." तात्यांनी केली. धाकट्याचं नाव घेऊन, त्याच्या बोअरचं पाणी टिकू दे म्हणून. दात-ओठ खात केली, असं त्यांचेच शब्द. दुसऱ्या रात्री मोटार वाजली, परत तीच प्रार्थना. मोटार वाजली की प्रार्थना. मोटार वाजली की प्रार्थना. मनात प्रेम दाटून आलं आणि मग प्रार्थना सुचली, असं झालं नाही. आधी गुडघे टेकले, मन कितीतरी मागून आलं. प्रभूनं पेत्राला आधी मन साफ कर असं सांगितलं नाही. माझ्यामागे ये म्हणाला.

मग एका सकाळी तात्या स्वतः बांध ओलांडून गेले. म्हणाले, "लिलावात मी मुद्दाम लवकर तीनवार म्हटलं." धाकटा म्हणाला, "मला ठावं हाय." आणि पाइप उचलायला गेला.

निम्मी बाग वाचली. निम्मी गेली ती गेलीच. त्या नकोच्या दिवसांत गेलेली झाडं परत आली नाहीत, आणि ही गोष्ट सांगताना तात्या तेही सांगायचं सोडत नाहीत. मोटारीचा आवाज आला की आजही क्षणभर पोटात तुटतं, असंही सांगतात. मला हा खरेपणा फार मोलाचा वाटतो. साक्ष देताना, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगताना, माणसं "माझा मत्सर कायमचा गेला" असं म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्या दुबळ्या माणसाला वाटतं की आपलंच काही चुकतंय. (आणि साक्षीच्या वेळी मागे कीबोर्ड वाजवत बसायचं बंद करा, माझी कळकळीची विनंती आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनाला पेटी, मृदंग आणि टाळ पुरेत. साक्षीला माणसाचा आवाज पुरे.)

ज्याचं बरं झालेलं तुम्हाला सोसत नाही, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. आज रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते नाव घ्या. मोठ्यानं नाही जमलं तर मनात घ्या. त्याच्या शेताला, त्याच्या लेकरांना आशीर्वाद मागा. उद्या परत मागा. आणि या आठवड्यात मत्तयाचा विसावा अध्याय, तोच द्राक्षमळ्याचा दाखला, घरात सगळ्यांनी मिळून वाचा, लहान पोरांना वाचायला लावा.

सलाम.