ओढ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

मंडळी, ओढ्याला इंग्रजीत काय म्हणतात विचारलं तर आपण सगळे पटकन म्हणू स्ट्रीम, शाळेत तेच शिकवलंय. पण इंग्लंडच्या उत्तरेत यॉर्कशरचा म्हातारा शेतकरी म्हणेल बेक, त्याच्याही वर नॉर्थंबरलंडचा म्हणेल बर्न आणि मधल्या भागातला, मिडलँड्समधला, म्हणेल ब्रुक. आपल्याकडे देशावर ओढा आणि कोकणात वहाळ, तसंच की हे.

हे मी मनाने नाही सांगत. लीड्सचे प्राध्यापक हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी इंग्लंडमधल्या बोली टिपायला १३०० च्या वर प्रश्नांची यादी बनवली आणि १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी माणसं पाठवून उत्तरं टिपून घेतली. गाठायचं कुणाला, तर शक्यतो साठी ओलांडलेला, त्याच गावात जन्म काढलेला, शेतात राबलेला म्हातारा. आणि नियम असा की विचारणाऱ्याने शब्द स्वतः उच्चारायचा नाही, नदीपेक्षा लहान वाहतं पाणी असेल तर त्याला तुम्ही काय म्हणता, एवढं विचारून गप्प बसायचं. मला ही पद्धत भयंकर आवडते, कारण आपण शब्द सुचवला की समोरचा भिडेखातर हो म्हणतोच.

आता ही उत्तरं नकाशावर मांडली की बेकचा पट्टा पडतो यॉर्कशर, कंब्रिया, लिंकनशर असा, म्हणजे जिथे व्हायकिंग येऊन राहिले तिथे. ८६६ साली डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, यॉर्क घेतलं, पुढे त्यांच्यातले बरेच तिथेच जमीन कसायला लागले आणि त्यांचा ओढा इंग्रजांच्या तोंडी बसला. टार्न म्हणजे डोंगरातलं छोटं तळं, फेल म्हणजे डोंगर, गिल म्हणजे घळ, सगळा त्याच घरचा माल. फोर्सची तर गंमतच आहे, टीज नदीवरचा हाय फोर्स धबधबा बघताना वाटतं की पाण्याला काय फोर्स आहे म्हणून हे नाव पडलं असणार, पण जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, फॉर्स म्हणजे नुसता धबधबा. आणि लीड्स शहरात होल्बेक म्हणून जुन्या गिरण्यांचा भाग आहे, ते नाव फोडलं की निघतो खोलगटातला ओढा.

दक्षिणेला डॉर्सेट-विल्टशरमध्ये विंटरबोर्न, हा माझा सगळ्यात लाडका. तिथे जमिनीखाली खडूचा दगड, पाऊस पडला की पाणी आत मुरतं, हिवाळ्यात भूजल चढत चढत वर येतं आणि महिनोन् महिने कोरडी पडलेली घळ वाहायला लागते, उन्हाळ्यात परत गडप. म्हणून हिवाळ्याचा ओढा, आणि त्याच नावाची कितीतरी गावंसुद्धा आहेत तिथे.

ससेक्सवाल्यांकडे मात्र चिखलाचे शब्द, कारण चिकणमाती, दुसरं काय. १८७५ साली तिथल्या एका पाद्र्याने, विल्यम पॅरिशने, ससेक्सच्या बोलीचा शब्दकोश काढला होता. गुरांनी तुडवून राड केली की स्टोच, कुजलेल्या पाल्याचा काळा चिखल म्हणजे गबर, पावसानंतरची लिबलिबीत पायवाट म्हणजे क्लॉजी. हल्ली असे शब्द गोंडस म्हणून मिरवतात ना, त्याचा मला जरा कंटाळाच येतो. ज्याची गाडी त्यात रुतायची त्याला विचारायला पाहिजे होतं किती गोंडस ते.

डाइक शब्दाने तर दोन माणसांची भांडणं लागतील, कारण दक्षिणेत डाइक म्हणजे चर आणि उत्तरेत, स्कॉटलंडमध्ये डाइक म्हणजे दगडी गडगा, पार उलट. पण चर खणला की माती बाजूला पडून बांध तयार होतोच, एकाने खड्ड्याला नाव दिलं, दुसऱ्याने ढिगाऱ्याला.

आणि गडग्यांवरून आठवलं, चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेले हे गडगे उत्तरेत आजही बांधतात, त्यामुळे त्यांचे शब्दही चालू आहेत. आरपार जाणारा लांब दगड म्हणजे थ्रफ. खाली ससा जाईल एवढं भोक ठेवलं तर स्मूट, मेंढरू जाईल एवढं ठेवलं तर यॉर्कशरमध्ये क्रिपल होल आणि कंब्रियात हॉग होल. हॉग ऐकून डुक्कर समजू नका हं, तिकडे हॉग म्हणजे अजून एकदाही लोकर न कातरलेलं मेंढरू.