'पुढे' बटण उजळेपर्यंत

(स्क्रीनवर: एका ट्रेनिंगची स्लाइड. मधोमध व्हिडिओ, कोपऱ्यात राखाडी 'पुढे' बटण.)

आग विझवायचं सिलिंडर कसं वापरायचं, याचा हा व्हिडिओ. नऊ मिनिटांचा. तो संपेपर्यंत 'पुढे' दाबताच येत नाही, बनवणाऱ्याने तशी सोयच करून ठेवलीय. आणि बघणाऱ्याने काय केलं, प्ले दाबलं, आवाज बंद केला आणि दुसऱ्या टॅबमध्ये मेल वाचायला गेला. नऊ मिनिटांनी आला, बटण उजळलेलं होतं, दाबलं, सिस्टीममध्ये नोंद पडली: 'पूर्ण'.

खरं सांगायचं तर मीही हे केलंय, बऱ्याचदा. आळशी म्हणून त्याला नावं ठेवता येतील, पण त्या नऊ मिनिटांत त्याला करायला काही दिलेलंच नव्हतं ना.

(स्क्रीनवर: इन्सर्ट मेनू, फाइल निवडणारा कर्सर.)

स्लाइडमध्ये व्हिडिओ टाकणं आता अगदी सोपं झालंय, इन्सर्ट, व्हिडिओ, फाइल निवडा, झालं. पॉवरपॉइंट २०१० यायच्या आधी व्हिडिओ फाइलच्या आत जायचाच नाही, नुसता त्याचा पत्ता जायचा, त्यामुळे प्रेझेंटेशन पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कंप्युटरवर उघडलं की व्हिडिओ मूळ कंप्युटरवरच राहिलेला आणि सगळ्यांसमोर आपली धांदल. ऑनलाइन कोर्सचं वेगळंच. तिथे वर्षानुवर्षं व्हिडिओ आणि ॲनिमेशन ब्राउझरमध्ये चालवणारं फ्लॅश होतं, ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा सपोर्ट थांबवला, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच कंटेंट अडवायला सुरुवात केली, आणि ज्यांनी कोर्स वेळेत एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे ब्राउझर वेगळ्या प्लेअरशिवाय चालवतो त्या पद्धतीत, नेले नव्हते ते बसले डोक्याला हात लावून.

आयफोनची तर अजून एक गंमत. २०१६ मध्ये आयओएस १० येईपर्यंत त्यावर सफारीत व्हिडिओ सुरू केला की तो थेट फुल स्क्रीन व्हायचा, म्हणजे आपण त्याच्यावर मेहनतीने बसवलेले बाण, बटणं, प्रश्न सगळं झाकलं जायचं आणि इंटरॲक्टिव्ह म्हणून बनवलेल्या धड्याचा साधा व्हिडिओ व्हायचा. मग २०१८ मध्ये क्रोमने आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ रोखायला सुरुवात केली. बऱ्याच कोर्समध्ये पहिल्या स्लाइडवर मोठं 'सुरू करा' असतं ना, ते शोभेचं नाही, तिथे एक क्लिक झाली की ब्राउझर आवाज चालू होऊ देतो.

(स्क्रीनवर: लोड होणारं गोल चक्र. बराच वेळ.)

आता फाइल. हा भाग कंटाळवाणा आहे, पण कोर्स अडकतो तो इथेच. सगळीकडे चालेल असं हवं तर एमपी४, आत चित्र एच.२६४ मध्ये, आवाज एएसीमध्ये (या फाइल दाबून लहान करायच्या पद्धती, एक्स्पोर्ट करताना निवडायच्या). फोनवर शूट केलेलं तसंच टाकू नका, बरेच फोन एचईव्हीसी या नंतरच्या पद्धतीत रेकॉर्ड करतात, ते प्रत्येक ब्राउझरला जमत नाही, शिवाय फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो खालीवर होत असतो, मग एडिटिंगमध्ये ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. साइजचा हिशोब साधा: सेकंदाला ८ मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला ६० एमबी खातो, २ मेगाबिटचा १५ एमबी. स्क्रीन रेकॉर्डिंगला किंवा एका जागी उभं राहून बोलणाऱ्या माणसाला २ बऱ्यापैकी पुरतात.

आणि एक बारीक गोष्ट. एमपी४ फाइलला स्वतःची एक अनुक्रमणिका असते, एक्स्पोर्ट करताना ती बऱ्याचदा फाइलच्या शेवटी जाऊन बसते, मग ती हाती लागेपर्यंत ब्राउझर खोळंबतो. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड' अशी एक टिक आहे, ती केली की अनुक्रमणिका पुढे येते. एवढंच. हे कळायच्या आधी मी इंटरनेटला किती शिव्या दिल्यात ते विचारू नका.

(स्क्रीनवर: व्हिडिओची टाइमलाइन, त्यावर खुणा पडत जातात.)

आता परत त्या नऊ मिनिटांकडे. २०१४ मध्ये संशोधक फिलिप ग्वो आणि त्यांच्या साथीदारांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर व्हिडिओ बघितल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की लहान व्हिडिओ लोक जास्त बघतात, सहा मिनिटांच्या पुढे गेलं की सुटतात. तेव्हापासून जो तो सहाचा आकडा घेऊन बसलाय. पण नऊ मिनिटांचे तीन तुकडे केले तर तो माणूस तीनदा प्ले दाबेल आणि तीनदा मेल वाचेल, बाकी काही बदलणार नाही.

व्हिडिओ थांबला पाहिजे, आणि तोही नेमक्या जागी. सिलिंडरची पिन ओढली, नळी हातात घेतली, समोर आग, आणि आता फवारा सोडणार, तिथे थांबवायचं. चित्र तसंच गोठलेलं ठेवायचं आणि विचारायचं, नळीचं तोंड कुठे रोखाल, चित्रावरच क्लिक करा. ज्वाळांच्या टोकावर केलं तर चूक, आगीच्या बुडाशी केलं तर पुढे. चार पर्यायांचा प्रश्न वेगळ्या स्लाइडवर नेला की तो परीक्षेसारखा वाटायला लागतो, इथे तो त्या प्रसंगातच उभा राहतो.

करायला फार काही लागत नाही. स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर क्यू पॉइंट, म्हणजे एक खूण, ठेवायचा आणि 'इथे आलं की हे कर' अशा ट्रिगरने व्हिडिओ पॉज करायचा. एच५पी या इंटरॲक्टिव्ह धडे बनवायच्या टूलमध्ये 'इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ' म्हणून प्रकारच आहे, मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सिस्टीममध्येही तो चालतो. अगदी पॉवरपॉइंटमध्येसुद्धा व्हिडिओवर बुकमार्क लावून त्यावर ॲनिमेशन सुरू करता येतं. वेळ जातो तो प्रश्न कुठे टाकायचा हे ठरवण्यात, त्यासाठी व्हिडिओ चार-पाचदा बघावा लागतो, आणि शूटिंगच्या आधीच ठरवलं असतं तर बरं झालं असतं असं दरवेळी वाटतं.

सबटायटल द्याच, त्यांची वेबव्हीटीटी नावाची फाइल साधी टेक्स्टच असते. फक्त सबटायटल खालच्या पट्टीत येतात, म्हणून बटणं तिथे ठेवू नका, मी ठेवली होती. आणि निवेदक जे बोलतोय तेच वाक्य शेजारी मोठ्या अक्षरात लिहू नका, माणूस मग धड ऐकत नाही आणि धड वाचतही नाही. ज्यांना अक्षरं हवीत ते सबटायटल लावतील.

(स्क्रीनवर: तीच पहिली स्लाइड. नवीन व्हिडिओ.)

तोच माणूस. प्ले दाबलं, आवाज बंद, दुसरा टॅब. इकडे १ मिनिट ५२ सेकंदांवर चित्र थांबलंय. दहा मिनिटांनी येतो तर 'पुढे' अजून राखाडी, आणि समोर आगीचं गोठलेलं चित्र. घाईघाईत क्लिक करतो, ज्वाळांच्या टोकावर. व्हिडिओ वीस सेकंद मागे जातो.

या वेळी तो आवाज चालू करतो.