कचरा कुणाच्या मालकीचा?

मंडळी, सामाजिक उद्योजकतेवर बोलताना आधी गुंतवणूक, पुरस्कार, नवकल्पना यांची नावं निघतात. मला आज पुण्याच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा हिशेब मांडायचा आहे, कारण भलं काम कोणाच्या पैशावर चालतं हे तिथे उघड्यावर दिसतं.

तिची मुळं १९९३च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहेत. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचक बायकांची ही संघटना उभी राहिली. पुढे २०००च्या घनकचरा नियमांनी घरोघर कचरा गोळा करण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. नियम चांगला होता, पण त्यात एक धोका होता. कचरा दारातूनच ठेकेदाराच्या गाडीत गेला, तर कुंडीवर जगणारी बाई काय वेचणार? म्हणून त्याच बायकांना दारापर्यंत नेणारी, त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था काढली गेली आणि २००८ साली पुणे महापालिकेशी करार झाला.

उत्पन्नाचे स्रोत दोन: घरटी महिन्याचं शुल्क आणि भंगाराची विक्री. समजा, दोघींच्या जोडीकडे २५० घरं आहेत आणि शुल्क ६० रुपये आहे. महिन्याला १५,००० रुपये होतात. त्यातली ५० घरं 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणाली, की ३,००० गेले. चालणं, जिने चढणं, ढकलगाडी ओढणं मात्र तेवढंच राहतं. वसुलीला जाणारा वेळ तर कुणी मोजतच नाही.

भंगाराचं गणित आणखी नाजूक. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या विकल्या जातात. वेफरची चकचकीत पाकिटं सहसा कुणी घेत नाही, कारण त्यांचे वेगवेगळ्या पदार्थांचे थर सुटे करणं परवडत नाही. कालची आमटी पुठ्ठ्यावर सांडली, की तो ओला माल व्यापारी नाकारतो किंवा वजनात कापतो. ओला-सुका वेगळा ठेवणं हे पर्यावरणाचं काम आहेच, पण इथे तो थेट मजुरीचा प्रश्न होतो. आणि वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण न करता टाकलं, तर वेगळं करणाऱ्या बाईला ते हाताने उघडून पाहावं लागतं. ही खूण करायला आपल्याला अर्धं मिनिटही लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जो ती करत नाही, त्याने शुल्क वेळेवर दिलं तरी तो आपला वाटा उचलत नाही.

बाजारभावही हातात नसतो. २००८च्या मंदीत जगभर भंगाराचे भाव कोसळले. विक्रीवरच पोट असणाऱ्यांना तो फटका मोठा असतो. शुल्क नियमित येत असेल, तर तो निदान थोडा सोसता येतो.

असं काम आपल्या गावात उभं करायचं असेल, तर गाड्या घेण्याआधी वर्गीकरणाची जागा मिळवा. वस्तीपासून चालत जाता येईल अशी, छप्पर, पाणी आणि वजनकाटा असलेली. छप्पर नसेल तर एका पावसात आठवड्याचा पुठ्ठा जातो. आणि पालिकेशी करार करताना दोन वाक्यं लेखी घ्या: विकता येण्याजोगा माल गोळा करणाऱ्याचा, आणि झोपडपट्टीत शुल्क कमी ठेवलं तर फरक पालिका भरेल.