देव मानायला मला काय हवं?

मागच्या महिन्यात नागपुरातल्याच एका वस्तीत माझं भाषण झालं. संपल्यावर एक आजी नातवाचा हात धरून पुढे आल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही देव नाही म्हनता, ठीक हाय. पन तुमाले मानाले नेमकं काय पायजे, ते त सांगा." मी 'पुरावा' एवढंच म्हणालो आणि घरी आलो. रात्रभर ते बोचत राहिलं. कसला पुरावा, हे आधी सांगता येत नसेल तर मला पुरावा मागायचा अधिकारच नाही. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

प्रमाण मागणं हा काही उद्धटपणा नाही. आपल्याकडे ही मागणी फार जुनी आहे. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत 'ईश्वरासिद्धेः', म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही, असं स्वच्छ सूत्र आहे. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वेद प्रमाण मानले, पण जगाचा कर्ता मानला नाही. उलट सुमारे हजार वर्षांपूर्वी न्याय दर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वर अनुमानाने सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांची अनुमानं मला पटत नाहीत. पण 'मान मुकाट्याने' असं ते म्हणाले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

आता काय पुरणार नाही, ते सांगतो. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. मीही स्टीलचा चमचा घेऊन उभा होतो. चमचा सोंडेला टेकवून तिरपा केला आणि दूध खरंच कमी झालं. अंगावर काटा आला, आणि तो काटा खोटा नव्हता. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. म्हणजे मी पाहिलं ते खरं होतं, त्यावरून जे मानलं ते चुकलं होतं. म्हणून माझा स्वतःचा अनुभवसुद्धा मला पुरेसा वाटत नाही.

प्रार्थनेचीही तपासणी झाली आहे. २००६ साली अमेरिकेत १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना नक्की सांगितलं नव्हतं, त्यांच्यापैकी ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के, झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना होणारच हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात ५९.

आणि जुन्या पोथ्यांतलं विज्ञान? शोध लागल्यावर श्लोक सापडतो. शोधाच्या आधी सापडलेला श्लोक मला दाखवा.

तर मला काय हवं? विदर्भातलंच उदाहरण घेतो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढीच चूक. तेवढ्याने तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि लेकरू हाडं धरून रडतं. आई-वडील दोघेही एएस, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक असतील, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता बाळ एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष असलेलं, आजारी होण्याची. हा दोष टिकला, कारण एएस मुलांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. काही मुलं वाचावीत म्हणून दुसऱ्या काही मुलांनी तडफडायचं, असा हा हिशेब. कुणाचंही लक्ष नसताना निसर्गात जे घडेल, नेमकं तेच इथे दिसतं मला.

समजा, उद्या कुणाच्या अंगात आलं आणि देवाने एका साध्या पाल्याचं नाव सांगितलं, जे कुठल्याही प्रयोगशाळेला ठाऊक नाही. ते त्याच दिवशी लिहून मोहोरबंद करू. निरनिराळ्या दवाखान्यांत, कुणाला खरं औषध दिलं हे देणाऱ्यालाही न कळता, तपासू. एसएस मुलं बरी झाली, पुन्हा तपासलं तेव्हाही झाली, तर मी मान्य करेन की माणसाच्या ज्ञानापलीकडचा कुणीतरी जाणकार आहे. तो सगळ्या विश्वाचा कर्ता आहे, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. पण ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला त्या लेकराची कणवही आहे, असा कुणीतरी असेल, तर माझा नकार तिथेच संपला. मग याच माईकवरून चूक कबूल करेन.

हे सगळं मी परवा त्या आजींना घरी जाऊन सांगितलं. नातू एसएस आहे, ते तेव्हा कळलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुराव्यासाठी मी देवाले हाक नाही मारत जी. रात्री पोराचं दुखते ना, तवा मारतो."

त्यावर मी वाद घातला नाही. हाक मारायला कारण असणं वेगळं आणि ऐकणारा कुणी असणं वेगळं, हे त्या रात्री जागणाऱ्या बाईला मी काय सांगणार? मी एवढंच विचारलं, सिकलसेलचं औषध, हायड्रॉक्सीयुरिया, सुरू आहे ना?

"हाव जी," आजी म्हणाल्या. "रोज मीच देतो."