मार्गिलानचं रेशीम : आधी नक्षी, मग माग

(दृश्य : गरम पाण्यात तरंगणारे कोश)
उझबेकिस्तानातलं फरगानाचं खोरं. बाबर इथलाच. या खोऱ्यातल्या मार्गिलान शहरात रेशीम अजून हातानंही काढलं जातं. गरम पाण्यात कोश मऊ करायचे, काडीनं धाग्यांची टोकं धरायची आणि रहाटावर गुंडाळत जायचं. एका कोशातून निघणारा सलग धागा किलोमीटरभरही भरतो.

(दृश्य : चौकटीवर ताणलेले उभे धागे)
आता हात बघा. पैठणीची नक्षी विणताना उमटते. इथे माग अजून रिकामाच आहे आणि नक्षी सुरूही झाली. उभ्या धाग्यांवर कोळशाच्या काडीनं खुणा होतात. जिथे रंग नको, तो भाग घट्ट बांधायचा. पिवळ्यात बुडवायचं, बांध सोडायचे, नवे बांधायचे, मग लालात. हा अब्रबंदचीचा, म्हणजे धागे बांधणाऱ्या कारागिराचा हात. रीत आपल्या पटोळ्याच्या जवळची, पण इथे रंगतात ते फक्त उभे धागे. मागावर चढताना ते जरासे सरकतात, म्हणून रंगांच्या कडा अशा फुटलेल्या दिसतात.

(दृश्य : रंगाची भांडी)
लाल मंजिष्ठेचा, निळा निळीचा. डाळिंबाची सालही भांड्यात पडते. मार्गिलानच्या डाळिंबांचं कौतुक तर बाबरानं स्वतः लिहून ठेवलंय!

(दृश्य : मदरशाचं अंगण, मागावर शिकणारी मुलं)
सोव्हिएत काळात यंत्रमाग आले, रासायनिक रंग आले, घरचे माग मागे पडले. २००७ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं इथे हस्तकला केंद्र उभं राहिलं. २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याच्या कामाची नोंद जतनाच्या उत्तम पद्धतींमध्ये केली. नवेपणा आलाय तो रंगसंगतीत, स्कार्फमध्ये, जॅकेटांमध्ये. बांधणीला कुणी हात लावलेला नाही; लावूही नये.

(दृश्य : मोगरीचे ठोके)
या धाग्यांचं विणलेलं हे कापड म्हणजे अद्रस. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. अंड्याचा पांढरा भाग लावून लाकडी मोगरीनं ठोकलं की चकाकी येते.

(दृश्य : तुतीची झाडं)
कोश पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर सरकारी उद्दिष्टांची सक्ती झाल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या आहेत.

(दृश्य : बाजार)
आणि बाजारात छापील नक्कल ढिगानं. अद्रस घेताना कापड उलटून बघा. नक्षी दोन्हीकडे सारखीच भरलेली हवी. छापील कापडाची मागची बाजू बहुधा फिकी निघते.